सलाइन की गोळ्या? ल्युपस नेफ्रायटिसचे उपचार सुरू करताना

किडनीच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर 'ल्युपस नेफ्रायटिस, क्लास ४' (ल्युपसमुळे किडनीला आलेली सूज, त्यातला गंभीर प्रकार) लिहिलेलं घेऊन आम्ही डॉक्टरांसमोर बसलो, तेव्हा माझी धाकटी बहीण २४ वर्षांची होती. पायांवर सूज, लघवीला फेस, दिवसभराच्या लघवीत साडेतीन ग्रॅम प्रोटीन. डॉक्टर म्हणाले, "सायक्लोफॉस्फमाइडच्या सलाइनने सुरुवात करता येईल किंवा मायकोफेनोलेटच्या गोळ्यांनी. घरी बोला आणि दोन दिवसांत सांगा." घरी बोलायचं म्हणजे नेमकं कशाबद्दल, हेच आम्हाला कळत नव्हतं. आज कुणी त्याच खुर्चीत बसलं असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहितेय.

ल्युपसमध्ये मूळ बिघाड किडनीत नसतो. शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच पेशींमधल्या डीएनएविरुद्ध अँटिबॉडी बनवते. त्यांचे पुंजके किडनीच्या बारीक गाळण्यांमध्ये साचतात आणि रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं तिथे हल्ला चढवतात. ती तिथे खर्ची पडतात म्हणून रिपोर्टमध्ये सी३, सी४ कमी दिसतात. गाळणीची ही सूज वेळेत उतरली तर गाळणी वाचते. नाही उतरली तर तिथे व्रण धरतो आणि ती गाळणी कायमची जाते. अशा बऱ्याच गाळण्या गेल्या की पुढचा रस्ता डायलिसिसकडे जातो. म्हणून विचार जरूर करा, पण तो दोन-चार दिवसांत संपवा.

स्टेरॉइड आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन दोन्ही मार्गांत असतातच. फरक तिसऱ्या औषधाचा.

सायक्लोफॉस्फमाइड हे मुळात कॅन्सरचं औषध. ते पेशीच्या डीएनएलाच इजा करतं, त्यामुळे वेगाने वाढणाऱ्या पेशी मरतात. त्यात बंडखोर लिम्फोसाइट (संरक्षणव्यवस्थेतल्या पांढऱ्या पेशी) येतात, तशीच केसांची मुळं आणि अंडाशयातली बीजंही येतात. मायकोफेनोलेट वेगळ्या वाटेने जातं. लिम्फोसाइटना वाढण्यासाठी लागणारा कच्चा माल बनवण्याची एक वाट ते बंद करतं. बाकीच्या बऱ्याच पेशींना दुसरी वाट असते, लिम्फोसाइटना जवळजवळ नसते. त्यामुळे केस आणि अंडाशय बहुतेक सुरक्षित राहतात. त्रास मुख्यतः पोटाला होतो. जुलाब, मळमळ, पोटात मुरडा.

मग जास्त गुणकारी कुठलं? २००९ मध्ये ३७० रुग्णांवरचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला. सहा महिन्यांनी मायकोफेनोलेट घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के आणि सायक्लोफॉस्फमाइड घेणाऱ्यांपैकी ५३ टक्के रुग्णांना गुण आला होता. हा फरक नसल्यातच जमा. चंदीगडच्या पीजीआय हॉस्पिटलमध्ये १०० भारतीय रुग्णांवर हीच तुलना झाली, तिथेही दोन्ही बरोबरीत राहिली. हे समजलं तेव्हा माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. चुकीचं औषध निवडून आपण बहिणीची किडनी घालवू, ही भीती निराधार होती.

सायक्लोफॉस्फमाइड म्हटल्यावर मात्र 'कुठल्या डोसमध्ये' हे विचाराच. जुन्या पद्धतीत दर महिन्याला मोठा डोस, असे सहा. २००२ मध्ये युरोपातल्या अभ्यासातून पुढे आलेली पद्धत सौम्य आहे: दर पंधरा दिवसांनी ५०० मिलिग्रॅम, असे सहा डोस, म्हणजे तीन महिन्यांत एकूण ३ ग्रॅम. मूल होण्याच्या क्षमतेला धोका एकूण डोस आणि वय या दोन्हींबरोबर वाढतो. ३ ग्रॅममध्ये तो बराच कमी आहे. आजार फार आक्रमक असेल, क्रिएटिनिन (किडनीचं काम किती चालतंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) झपाट्याने चढत असेल, तर डॉक्टर मोठा डोसही सुचवतात आणि तिथे त्यांचं ऐकावं.

लग्नाची मुलगी असली की घरात हा विषय दबक्या आवाजात निघतो. आमच्याकडे आईने तो डॉक्टरांसमोर काढूच दिला नाही, मी नंतर एकटी जाऊन विचारलं. म्हणून इथे मोकळेपणाने सांगते. दोन्ही औषधं गर्भाला घातक आहेत. उपचार चालू असताना गर्भनिरोधन हवंच, आणि कुठलं चालेल तेही डॉक्टरांनाच विचारा. मायकोफेनोलेट गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी बंद करून अ‍ॅझाथायोप्रिन या गर्भारपणात चालणाऱ्या गोळीवर जातात, आणि आजार किमान सहा महिने शांत असावा लागतो. मूल होऊ शकतं. फक्त ते ठरवून व्हावं लागतं.

आता रोजच्या जगण्याचा हिशेब. मायकोफेनोलेट दिवसाला २ ते ३ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या चार ते सहा गोळ्या. सहा महिन्यांत सातशेच्या वर गोळ्या होतात, आणि खर्च अर्थातच सलाइनच्या सहा छोट्या डोसांपेक्षा बराच जास्त. गोळ्यांसाठी हॉस्पिटलमध्ये झोपावं लागत नाही, पण चुकवणंही तितकंच सोपं. बरं वाटू लागलं की हात आखडतो. सलाइनला दर पंधरवड्याला जावं लागतं, बहुतेकदा किमोच्या खोलीत, आणि ती खोली पाहूनच घरचे घाबरतात. मात्र डोस अंगात गेला याची खात्री असते.

आम्हा सगळ्यांचा कल गोळ्यांकडे होता. बहीणच म्हणाली, "ताई, होस्टेलवर कुणाला न कळू देता रोज सहा गोळ्या मी नाही घेऊ शकणार. मला सहा सलाइन द्या." तिने स्वतःला बरोबर ओळखलं होतं. शिस्तीत गोळ्या घेणाऱ्या, पोट चांगलं असलेल्या, हॉस्पिटलपासून लांब राहणाऱ्या आणि खर्च झेपणाऱ्या मुलीला मी गोळ्याच सुचवीन. एक मात्र लक्षात असू द्या: सलाइन घेतलं म्हणून गोळ्या टळत नाहीत. तीन महिन्यांनंतर अ‍ॅझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट लागतंच, आणि एकूण उपचार किमान तीन वर्षं चालतात. त्या गोळ्या बहिणीने घेतल्या, पण तोवर तिने रूममेटला सगळं सांगून टाकलं होतं.

या उपचारांना बेलिमुमॅब किंवा टॅक्रोलिमस ही औषधं जोडून देण्याचेही पर्याय आहेत. बेलिमुमॅब महाग आहे.

आणि कृपा करून 'इम्युनिटी वाढवणारे' काढे देऊ नका. इथे भडकलेली इम्युनिटीच शांत करायची आहे. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आमच्याकडे प्रेमापोटी तीन घरांतून गुळवेल आली. मी ती परत पाठवली आणि नातेवाइकांचा रुसवा सोसला.

पहिल्या डोसआधी टीबी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी, गर्भधारणेची चाचणी आणि लसींची चौकशी करून घ्या. सायक्लोफॉस्फमाइडच्या दिवशी भरपूर पाणी लागतं, पण सूज असेल तर किती ते डॉक्टरांना विचारूनच. मायकोफेनोलेटबरोबर लगेच अँटासिड नको, औषध नीट शोषलं जात नाही. तीन महिन्यांत लघवीतलं प्रोटीन पाव हिश्श्याने आणि सहा महिन्यांत निम्म्याने उतरायला हवं. तसं नसेल तर औषध बदलण्याविषयी तुम्हीच विचारा. आणि उपचार चालू असताना ताप आला, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.