'फक्त रिसर्चसाठी' लिहिलेल्या बाटल्या, कृपया घेऊ नका

मी न्यू जर्सीत राहतो, एडिसनजवळ. आपल्या मराठी मंडळींत सध्या हे पेप्टाइडच्या (म्हणजे प्रोटीनच्या छोट्या तुकड्यांसारख्या रसायनांच्या) इंजेक्शनचं खूळ फार पसरलंय आणि मी ज्यात फसलो त्यातच अजून दोघंतिघं पैसे भरायच्या बेतात आहेत, म्हणून लिहितोय.

तर झालं असं की वजन वाढलेलं, शुगर वाढलेली, डॉक्टरांनी वेगोवी (वजन कमी करायचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन) लिहून दिलं पण इन्शुरन्सने नाही म्हटलं आणि त्याची लिस्ट प्राइस तेव्हा महिन्याला १३४९ डॉलर. एवढे आणायचे कुठून? तेवढ्यात क्रिकेटच्या ग्रुपमधल्या एकाने एका साइटची लिंक पाठवली, तो तिथून खांद्याच्या दुखण्यासाठी बीपीसी-१५७ नावाचं दुसरं एक पेप्टाइड मागवायचा. तिथे सेमाग्लुटाइडची ५ मिलिग्रॅमची बाटली ८९ डॉलरला. वर मोठ्या अक्षरात 'पन्नासही राज्यांत कायदेशीर', खाली बारीक अक्षरात 'फक्त लॅबोरेटरी रिसर्चसाठी, माणसांनी वापरण्यासाठी नाही', आणि पैसे भरताना एक चौकोन, 'मी संशोधक आहे'. मी टिक केलं. मला वाटलं ही नुसती फॉर्मॅलिटी असेल, सगळेच करतात. चॅटवर विचारलं तर समोरच्याने सरळ डोसचा तक्ताच पाठवला, पावडरमध्ये किती पाणी घालायचं, इन्सुलिनच्या सिरिंजवर कितव्या रेघेपर्यंत भरायचं, सगळं. क्रेडिट कार्ड चालत नाही, झेलने, म्हणजे बँकेतून थेट, पाठवा म्हणाला. तीन बाटल्यांचे २६७ डॉलर मी पाठवले.

पहिले दोन आठवडे काहीच नाही, भूक तेवढीच, वजन तेवढंच. तिसऱ्या इंजेक्शनला पोटावर रुपयाएवढी लाल गाठ आली आणि रात्री हुडहुडी भरून ताप. बायको घाबरली, सकाळी अर्जंट केअरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी एकच विचारलं, बाटलीत काय होतं? मला सांगता येईना हो. नाव सांगितलं, पण आत खरंच तेच होतं का हे मला तरी कुठे माहीत होतं.

माझी भाची बॉस्टनला लॅबमध्ये काम करते. तिला साइटवरचं टेस्टिंगचं सर्टिफिकेट पाठवलं, मित्राच्या बीपीसीचंही पाठवलं. दहा मिनिटांत फोन आला, "मामा, ही दोन्ही सर्टिफिकेटं एकच आहेत." ग्राफमधला उंच सुळका तोच, तारीख तीच, शुद्धता ९९ टक्के तीच, फक्त वरचं नाव बदललेलं. आणि दोन्हींवर मास, म्हणजे रेणूचं वजन, १४१९. हा आकडा बीपीसीचा आहे, सेमाग्लुटाइडचा ४११३ च्या आसपास यायला हवा. म्हणजे माझ्या बाटलीतला माल कोणी तपासलाच नव्हता. ती म्हणाली, आमच्याकडे असला माल येतो तो संस्थेच्या ऑर्डरवर, लॅबच्या पत्त्यावर, घरच्या पत्त्यावर कोण पाठवतं?

विक्रेत्याला मेल केला तर उत्तर आलं की तुम्ही संशोधक आहात असं लिहून दिलंत, माणसावर वापरून तुम्हीच अटी मोडल्यात, रिफंड नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तो चौकोन माझ्यासाठी नव्हताच, उद्या काही झालं तर सगळं माझ्या गळ्यात घालायला ठेवलेला होता!

मग कायदा बघितला. खऱ्या रिसर्चच्या मालासाठी फेडरल नियमात सवलत आहे, पण ती प्राण्यांवरच्या आणि टेस्ट ट्यूबमधल्या प्रयोगांपुरती. आणि एफडीए, म्हणजे औषधांवर देखरेख करणारी अमेरिकेची सरकारी संस्था, नुसतं लेबल बघत नाही, माल कशासाठी विकला जातोय ते बघते. डोसचा तक्ता देऊन, वजन कमी होतं सांगून विकला की तो मान्यता नसलेलं औषधच झाला, लेबलवर काहीही छापा. डिसेंबर २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड आणि वजनासाठीचीच टिर्झेपटाइड, रेटाट्रुटाइड असं 'रिसर्च'च्या नावाखाली विकणाऱ्या काही कंपन्यांना एफडीएने याच मुद्द्यावर वॉर्निंग लेटर दिली. बीपीसी-१५७ तर फार्मसीत बनवून देण्याच्या बाबतीतही २०२३ मध्ये धोक्याच्या यादीत टाकलं होतं. राहिलं राज्याचं, तर औषध विकायला फार्मसीचं लायसन्स लागतं आणि ते प्रत्येक राज्याचं बोर्ड देतं, आपल्या राज्याच्या बोर्डाच्या साइटवर नाव टाकलं की कळतं. मी टाकलं, या नावाची फार्मसीच नाही. हे दोन मिनिटांचं काम मी आधी केलं असतं तर! पन्नास राज्यांत कायदेशीर म्हणे.

बँक म्हणाली पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत मिळणार नाहीत. एफडीएच्या मेडवॉच या तक्रारीच्या साइटवर तक्रार टाकली, राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्सला टाकली, उरलेल्या दोन बाटल्या न फोडता फ्रीजमध्ये डब्यात ठेवल्यात, कोणी मागितल्या तर द्यायला. कोणाकडे असा माल आला असेल तर बाटली, खोका, चॅट, काही फेकू नका.

ती साइट महिन्याभरात बंद झाली. परवा शेजाऱ्याने एक नवीन लिंक दाखवली, नाव वेगळं, रंग वेगळा, स्वस्तही. सेमाग्लुटाइडचं सर्टिफिकेट उघडायला लावलं. तोच ग्राफ, आणि खाली १४१९.