जुनी डिझेल घ्यायची, तर बेल्टवाली की चेनवाली?

कापूस विकला की आमच्या यवतमाळकडे जुन्या गाड्यांचे सौदे सुरू होतात. यंदा धाकट्या भावासमोर दोन डिझेल आहेत, 2014 ची डस्टर आणि त्याच सालची स्विफ्ट. डस्टरच्या 1.5 लिटर इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, स्विफ्टच्या 1.3 मध्ये चेन. काम दोघांचं एकच. पिस्टनला जोडलेला क्रँक आणि वॉल्व्ह उघडणारा कॅम यांचा मेळ राखायचा, नाहीतर पिस्टन वर येताना वाटेत वॉल्व्ह सापडतो.

बेल्ट रबराचा. बहुतेक गाड्यांत तो 60,000 ते 1,00,000 किलोमीटरला किंवा चार-सहा वर्षांनी बदलायचा असतो, जे आधी होईल ते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. आपल्याकडे किलोमीटर तेवढे वाचतात. डस्टर दहा वर्षांत 58,000 चालली, म्हणून मालक म्हणतो, "बेल्ट अजून लई चालते." पण टिनाच्या शेडखाली, 45 अंशांच्या उन्हाळ्यात उभ्या गाडीतही रबर कडक होतं. त्यावर ऑइल गळत असेल तर आणखीच लवकर जातं.

माझी जुनी डिझेल आर्णी रस्त्यावर अशीच बंद पडली. आधी ना आवाज, ना दिवा. सेल्फ मारला तर इंजिन हलकंच भिरभिरलं, दम लागतच नव्हता. तिथेच थांबायला हवं होतं, मी आणखी दोनदा मारला. मिस्त्रीने बेल्टचं कव्हर उघडलं तर आत पऱ्हाटीचा कचरा आणि दात उडालेला बेल्ट. "हेड उतरवा लागते भाऊ, वॉल वाकले." कव्हर फुटलंय हे मला दिवाळीपासून माहीत होतं.

चेनचं तसं नाही. ती लोखंडी, इंजिन ऑइलमध्ये चालते आणि ठरलेली मुदत सहसा नसते. एजंट मात्र यावरून "चेनले पाहाच लागत नाही" असं ठोकून देतो. ऑइल वेळेवर बदललं नाही तर चेन झिजून लांबते, तिला ताणून धरणारा टेन्शनर ढिला पडतो. ती बहुधा आधी सांगते, एवढाच दिलासा. थंड इंजिन सुरू करताना क्षणभर खडखड झाली तर चालतं. ती रोज होत असेल, किंवा काही सेकंदांनंतरही थांबत नसेल, तर नुसती चेन नाही, गाइड आणि टेन्शनरसकट पूर्ण किट बदलायचं. ऑइलचं झाकण उघडून पाहा, आत काळा चिकट थर दिसला तर सौदा सोडलेला बरा.

खर्च कापसात सांगतो. टेन्शनरसकट बेल्ट साधारण क्विंटल-दीड क्विंटलचा, चेनचं काम दोन-तीन क्विंटलचं, वाकलेले वॉल्व्ह मात्र पाच-सहा क्विंटल घेऊन जातात.

डस्टरच्या बेल्टचं तारखेचं बिल दाखवलं तर ठीक. "बदलला होता" हे तोंडी असेल तर तेवढे पैसे भावातून कापायचे आणि गाडी घरी न आणता आधी गॅरेजला न्यायची. तरी माझा कल स्विफ्टकडे आहे, कारण आमच्या घरात तारखा कोणी पाळत नाही, आवाज मात्र सगळ्यांना ऐकू येतो. उद्या सकाळी सहाला ती पाहायला जातोय. मालकाला इंजिन सुरू करू नका म्हणून सांगून ठेवलंय. पोचल्यावर आधी बोनेटला हात लावणार, गरम लागलं तर चहा पिऊन परत.