कॅथलॅब टेक्निशियन ते रजिस्टर्ड नर्स: दादरच्या एका मार्गदर्शन वर्गाचा अनुभव

दादर पश्चिमेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर चालणाऱ्या एका नर्सिंग मार्गदर्शन संस्थेचा सहा महिन्यांचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझा अनुभव एका तुकडीपुरता आणि एका समुपदेशकापुरता आहे. परंतु ‘पॅरामेडिकल ते आर.एन., ब्रिज डिग्रीने थेट अमेरिकेत’ अशी ओळ (आर.एन. म्हणजे रजिस्टर्ड नर्स, ब्रिज म्हणजे आधीच्या शिक्षणाला सूट देऊन पुढची पदवी देणारा अभ्यासक्रम) वाचून माझ्यासारखे कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीच्या खोलीत, काम करणारे चौकशीला जातात आणि तिथेच पैसे भरून येतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे. फी ₹४२,०००, त्यात शिकवणी, सराव चाचण्या आणि ‘प्रवेश मार्गदर्शन’ अशा तीन गोष्टी धरलेल्या आहेत. शिकवणी उत्तम, चाचण्या बऱ्या आणि प्रवेश मार्गदर्शन दिशाभूल करणारे, असा माझा अभिप्राय आहे.

मी २०१२ पासून कॅथलॅब टेक्निशियन आहे. बारावी शास्त्र शाखेनंतर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पॅरामेडिकल पदवी अभ्यासक्रम, म्हणजे तीन वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, असे माझे शिक्षण झाले. प्रेशरचा आलेख वाचणे, दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर शून्यावर आणणे, कॅथेटरच्या (हृदयात घातलेल्या नळीच्या) टोकाशी दाबाचा आलेख दबला की डॉक्टरांना त्याच क्षणी सांगणे, रक्त न गोठू देणारे हेपरिन दिल्यावर एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, किती आला ते पाहणे, मध्यरात्री हार्ट अटॅकचा पेशंट आला की चहाचा कप तसाच ठेवून टेबल लावणे, हे काम मला मनापासून आवडते. मात्र क्ष-किरणांपासून बचावासाठी घालायच्या लेड ॲप्रनचे वजन पंचविशीत जाणवत नाही, ते पस्तिशीच्या आसपास जाणवू लागते. आणि त्याच सुमारास आपल्याबरोबर नाइट केलेल्या दोन सिस्टर परदेशी गेल्या, आपण मात्र त्याच टेबलाशी उभे आहोत, हेही जाणवते. अमेरिकेत आमच्या कामासाठी आरसीआयएस ही नोंदणी आहे आणि ती कार्डिओव्हॅस्क्युलर क्रेडेन्शियलिंग इंटरनॅशनल ही संस्था परीक्षा घेऊन देते. तथापि तिथल्या कामगार खात्याच्या ‘शेड्यूल ए’ यादीच्या पहिल्या गटात, म्हणजे मनुष्यबळाची टंचाई आधीच मान्य करून कायम वास्तव्याच्या अर्जातला एक मोठा टप्पा ज्यांना माफ केला जातो त्या व्यवसायांत, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट आहेत, टेक्निशियन नाहीत. त्यामुळे ‘ब्रिज’ हा शब्द मला किती गोड वाटला असेल, हे वेगळे सांगायला नको.

पहिल्या भेटीत समुपदेशकाने कोऱ्या कागदाच्या डाव्या टोकाला ‘सीव्हीटी’ (म्हणजे माझ्यासारखा कार्डिओव्हॅस्क्युलर टेक्निशियन) आणि उजव्या टोकाला ‘आर.एन.’ असे लिहून मधोमध एक कमान काढली आणि म्हणाला, “सर, तुमचं अर्धं नर्सिंग झालेलंच आहे, उरलेलं अर्धं ब्रिजमध्ये होईल.” हे विधान चुकीचे आहे. मला ते पटले, कारण गेली कित्येक वर्षे मी मनातल्या मनात स्वतःला तेच सांगत आलो होतो. त्याने माझी मार्कशीट पाहिली नाही, अमेरिकेतले कोणते राज्य डोळ्यांसमोर आहे हे विचारले नाही, आणि माझ्याकडे कोणताही नर्सिंग परवाना नाही, या एका गोष्टीमुळे पुढचे सगळे बदलते, याचा उल्लेखही केला नाही. फी मात्र त्याच दिवशी यूपीआयने घेतली.

तिसऱ्या महिन्यात ‘ब्रिज कॉलेजां’ची यादी हाती आली. तीत सहा नावे होती. त्या सहाही ठिकाणच्या प्रवेश विभागांना मी स्वतः ईमेल पाठवले आणि चौघांची उत्तरे आली. दोन ठिकाणी प्रवेशासाठी एलपीएनचा (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्सचा) चालू परवाना आवश्यक होता, एका ठिकाणी पॅरामेडिकचा, म्हणजे रुग्णवाहिकेवर तातडीची सेवा देणाऱ्याचा, आणि चौथ्या ठिकाणी फक्त त्या राज्याच्या रहिवाशांना प्रवेश होता. ही चौकशी करायला मला दोन संध्याकाळी लागल्या. ज्या कामाचे पैसे संस्थेने घेतले होते, ते काम हेच होते.

अमेरिकेत ब्रिज अभ्यासक्रम आहेत, यात शंका नाही. पण ते मुख्यतः एलपीएनसाठी, काही राज्यांत ज्यांना एलव्हीएन म्हणतात त्यांच्यासाठी, म्हणजे आधीच परिचर्येचा खालच्या पायरीचा परवाना असलेल्यांसाठी बांधलेले आहेत. काही संस्था पॅरामेडिकना घेतात. तिथे सूट मिळते ती परवान्यामागच्या शिक्षणाला, नुसत्या अनुभवाच्या वर्षांना नाही. शिवाय एका राज्याला चालणारी पदवी दुसऱ्याला चालेलच, असे नाही. न्यूयॉर्क राज्यातील एक्सेलसियर या संस्थेचा दूरस्थ पद्धतीचा नर्सिंग अभ्यासक्रम अनेक वर्षे प्रसिद्ध होता, तरी डिसेंबर २००३ पासून पुढे तिथे प्रवेश घेणाऱ्यांना पात्र मानण्यास कॅलिफोर्नियाच्या परिचर्या मंडळाने नकार दिला. अडचण होती ती देखरेखीखाली केलेल्या प्रत्यक्ष रुग्णसेवेची. कोणतीही पदवी असलेल्यांसाठी ‘ॲक्सिलरेटेड बीएसएन’ नावाचा साधारण वर्ष-दीड वर्षाचा मार्ग तिथे आहे, आणि माझ्यासारख्या पदवीधर टेक्निशियनला खरे तर तोच त्यातल्या त्यात जवळचा. पण त्याआधी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र आणि संख्याशास्त्र हे विषय पूर्ण असावे लागतात, आणि शास्त्रविषय अमुक वर्षांच्या आत शिकलेले असावेत, अशी अट बहुतेक ठिकाणी असते. माझे शास्त्रविषय किती जुने आहेत, हे वर लिहिलेच आहे. या मार्गाचे नावही समुपदेशकाने घेतले नाही. मला ते चौथ्या ईमेलच्या उत्तरातून कळले. आणि ‘शेड्यूल ए’मुळे एक टप्पा वाचला, तरी भारतात जन्मलेल्या अर्जदारांची ईबी-३, म्हणजे नोकरीच्या आधारे कायम वास्तव्य देणाऱ्या तिसऱ्या गटातली, रांग दहा वर्षांहून लांब आहे, हेही पहिल्या दिवशी सांगण्यासारखे होते.

आता शिकवणीविषयी. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळचे वर्ग ऑनलाइन असतात. ते ठीक आहेत, त्याहून अधिक काही नाही. रविवारी सकाळी ९ ते १ या वेळेत दादरला प्रत्यक्ष वर्ग असतो आणि तो महापालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एक मेट्रन मॅडम घेतात. आमच्या चौदा जणांच्या तुकडीत अकरा जण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेले होते, दोघे ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन होते आणि एक मी. हृदयाच्या धड्याला मॅडमनी मला फळ्यापाशी बोलावले आणि मी ईसीजी, कोरोनरीज, दाबाचे आलेख असे सगळे अर्ध्या तासात समजावून सांगितले. सिस्टर लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा समुपदेशकाचे ते ‘अर्धं नर्सिंग’ मला पुन्हा एकदा खरे वाटले.

पुढच्याच रविवारी मॅडमनी विचारले, “जांघेतून अँजिओप्लास्टी झालेला पेशंट रात्री दोन वाजता म्हणतो, पाठ दुखतेय. तू काय करशील?” मी म्हणालो, “मॅडम, पाय सरळ ठेवून झोपवलेलं असतं, पाठ दुखणारच. ऑर्डरमध्ये लिहिलेली पेनकिलर देईन.” त्यांनी बाकीच्यांकडे पाहिले. मागच्या बाकावरची, जेमतेम दोन वर्षे वॉर्डात काढलेली एक मुलगी म्हणाली, “आधी नाडी आणि बीपी बघेन. मग पोट आणि कूस हाताने बघेन, लघवी किती झाली ते बघेन आणि रेसिडेंटला फोन करेन.” कारण जांघेवरची पट्टी कोरडी ठणठणीत असली, तरी रक्त आतल्या आत पोटाच्या मागच्या पोकळीत साचत असू शकते, आणि त्याची पहिली तक्रार बहुधा पाठदुखी किंवा कुशीतली कळ हीच असते. हा प्रकार मला माहीत नव्हता, असे नाही. अशा पेशंटसाठी आम्ही एकदा पहाटे पुन्हा टेबल लावले आहे. पण त्या रात्री त्याची पाठ दुखते हे सर्वांत आधी कोणी ऐकले असेल, आणि पेनकिलर देऊन पुढे न जाता तिथेच कोण थांबले असेल, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. आमचा पेशंट पाऊण तासात टेबलावरून उतरतो. वॉर्डातल्या सिस्टरांचा रात्रभर असतो.

त्यानंतरचे रविवार मी वेगळ्या तयारीने बसलो. बेडसोअर होऊ नये म्हणून पेशंटला कुशीवर कसे वळवायचे आणि ते कशासाठी लिहून ठेवायचे, बाळंतिणीचा रक्तस्राव पॅड पाहून कसा ओळखायचा, नातेवाइकांसमोर काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही, यांतले मला काहीही येत नव्हते. मॅडम ज्याला ‘शेजारी बसणं’ म्हणत, ते माझ्या अभ्यासक्रमात कधीच नव्हते. मॅडम रागावतात, उशिरा येणाऱ्याला दाराबाहेर उभे करतात आणि उदाहरण देताना कधीकधी तीस वर्षांपूर्वीच्या वॉर्डात अशा रमतात की धडा अर्धवट राहतो. तरीही भरलेल्या पैशांचे मोल याच वर्गाने दिले.

सराव चाचण्या एनक्लेक्स-आर.एन., म्हणजे अमेरिकेत नर्सच्या परवान्यासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेच्या धर्तीवर आहेत. एप्रिल २०२३ पासून या परीक्षेचे स्वरूप बदलले: कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, पाच तासांचा वेळ, उत्तरांनुसार पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी ठरवणारा संगणक पूर्वीसारखाच, आणि एकाच पेशंटची हकीकत उलगडत जाणारे सहा-सहा प्रश्नांचे संच. संस्थेच्या निम्म्या चाचण्या मात्र अजून जुन्या साच्यातल्या आहेत आणि संच फार थोडे आहेत. माझी सर्वांत जास्त घसरण ‘आधी काय कराल’ या प्रश्नांत झाली. मॉनिटरवर सरळ रेषा दिसते, असा प्रश्न आला की माझे बोट आपसूक डिफिब्रिलेटरच्या पर्यायाकडे जाई. वास्तविक सरळ रेषेला शॉक देत नाहीत, हे मी झोपेतही सांगेन, आणि त्याहीआधी पेशंटकडे पाहून त्याला हाक मारायची असते, इलेक्ट्रोडची वायर निघाली आहे का ते पाहायचे असते. बारा वर्षे स्क्रीनकडे पाहिल्यावर मान त्याच दिशेला वळते. पहिल्या चाचणीत मला ४१ टक्के पडले, शेवटच्या चाचणीत ६३. नर्सिंगचे शिक्षण झाल्याशिवाय मला त्या परीक्षेला बसताच येणार नाही, त्यामुळे हे आकडे आज माझ्या काही कामाचे नाहीत. नर्सिंग झालेल्या माझ्या सहाध्यायांसाठी मात्र ते फार मोलाचे आहेत आणि त्यांच्यापैकी दोघींनी अर्जही केले आहेत.

आपल्याकडच्या वाटेविषयी संस्थेने काहीच सांगितले नाही. ती मला मॅडमनी वर्ग सुटल्यावर जिन्यात उभे राहून सांगितली. भारतात टेक्निशियनचे काम २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याखाली येते. परिचर्येसाठी १९४७ चा परिचर्या परिषद कायदा आणि त्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये संमत झालेला परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा आहे. दोन कायदे, दोन नोंदवह्या, आणि एकीतून दुसरीत जाण्याची सवलत नाही. पोस्ट बेसिक बीएस्सी हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आपल्याकडचा ब्रिज म्हणता येईल, पण तोही जीएनएम झालेल्या नोंदणीकृत परिचारिकेसाठीच. मला नर्स व्हायचे असेल, तर सीईटी देऊन चार वर्षांची बीएस्सी किंवा तीन वर्षांची जीएनएम, तीही पहिल्या वर्षापासून, अठरा वर्षांच्या मुलामुलींबरोबर बाकावर बसून. जीएनएमला प्रवेशाची कमाल वयोमर्यादा ३५ वर्षे आहे. माझे वय ३४ आहे. हे जिन्यातले दहा मिनिटांचे बोलणे पहिल्या दिवशी समुपदेशकाच्या टेबलावर झाले असते, तर सहा महिने वाचले असते.

यादीची उत्तरे जोडून मी लेखी तक्रार दिली आणि ‘प्रवेश मार्गदर्शना’च्या नावावर धरलेले ₹१४,००० परत मागितले. सात आठवडे आणि तीन फेऱ्यांनंतर ₹९,००० मिळाले. उरलेल्या रकमेबद्दल ‘प्रोसेसिंग चार्ज’ एवढेच उत्तर मिळाले. व्यवस्थापक बोलायला सभ्य होते, हे नमूद करायला हवे. बसण्याची जागा दाटीची आहे, पंखे आवाज करतात आणि पावसाळ्यात जिन्यात पाणी साचते.

नर्सिंगची नोंदणी असलेल्यांनी हा वर्ग जरूर लावावा, मात्र नव्या स्वरूपाच्या चाचण्या किती आहेत ते आधी पाहून घ्यावे. कॅथलॅब, ओटी किंवा डायलिसिसमधल्या टेक्निशियन मित्रांनी समुपदेशकाला एवढेच विचारावे की, नर्सिंगचा कोणताही परवाना नसलेल्याला घेणारे एखादे कॉलेज त्याच्या प्रवेश विभागाच्या पत्रासह दाखवा. आणि पत्र हातात येईपर्यंत पैसे देऊ नयेत. मॅडमचा रविवारचा वर्ग स्वतंत्रपणेही लावता येतो, हे माहितीपत्रकात लिहिलेले नाही. महिन्याला ₹२,५०० पडतात, चौकशी थेट रविवारी सकाळी करावी, आणि ९ च्या आधी पोहोचावे.