असुन्सियोनचा दूतावास की वॉशिंग्टनचं कार्यालय?

तैवानच्या मुत्सद्द्याला दोन तऱ्हेच्या नेमणुका मिळतात. पॅराग्वेची राजधानी असुन्सियोनमध्ये सगळं रीतसर: 1957 पासूनचे संबंध, दूतावास, राजदूतपद, दारावर झेंडा. पण हा मान समोरच्या सरकारच्या मर्जीवर टिकतो. मार्च 2023 मध्ये होंडुरासने, जानेवारी 2024 मध्ये नाऊरूने तैवानशी संबंध तोडून चीनचा हात धरला. मान्यता देणारे देश व्हॅटिकन धरून 12 उरले.

वॉशिंग्टनमध्ये 1979 पासून मान्यताच नाही. कार्यालयाच्या पाटीवर ‘तैवान’ नाही, राजधानीचं नाव ‘तैपेई’, प्रमुखाला ‘राजदूत’ म्हणायचं नाही. ट्विन ओक्स हा जुना राजदूत-निवास तैवानकडेच आहे, पण तिथे राहायचं नाही, फक्त समारंभ करायचे. 1 जानेवारी 2015 ला तिथे झेंडा फडकवला, तर अमेरिकेने जाहीर नाराजी दाखवली. आपल्याच अंगणात आपला झेंडा लावता येऊ नये, हे मला फार बोचतं.

तरी मला हीच नेमणूक मोलाची वाटते. शियाओ बी-खिम 2020 मध्ये तैवानच्या प्रतिनिधी म्हणून तिथे गेल्या. जन्म जपानमधल्या कोबेचा, वडील तैवानी, आई अमेरिकन. चीनच्या आक्रमक ‘लांडगा योद्धा’ मुत्सद्देगिरीसमोर त्यांनी स्वतःला ‘मांजर योद्धा’ म्हणवून घेतलं: चपळ, अरुंद जागेतही तोल सांभाळणारी. 2021 मध्ये बायडेन यांच्या शपथविधीचं औपचारिक निमंत्रण त्यांना मिळालं. 1979 नंतर असं प्रथमच घडलं. 2024 मध्ये त्या उपराष्ट्राध्यक्ष झाल्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईत तैवानचं कार्यालय उघडलं, तेही याच दुसऱ्या प्रकारचं.