मॅनिफोल्ड बदलायला दिला आणि टोपी घालून घेतली

लिहू का नको करत तीन आठवडे काढले, कारण यात माझा बावळटपणाही भरपूर आहे, पण परवा सोसायटीतला एकजण त्याच गॅरेजला गाडी टाकायला निघाला तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकतो. गॅरेजचं नाव घेत नाही, हातात पक्कं बिल नाही, का नाही ते पुढे येईलच.

गाडी 2011 ची पेट्रोल. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून ऑइल गळत होतं, तेवढंच करायला दिली. संध्याकाळी फोन, "साहेब, इनटेक मॅनिफोल्डचं निपल तुटलंय, प्लास्टिक कडक झालं होतं, आख्खा मॅनिफोल्ड बदलावा लागेल, नवीन ओरिजिनल 14,500, मजुरी 3,000." मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा भाग, निपल म्हणजे त्याला बारीक पाईप जोडायची तोटी. ती आपोआप तुटली की पोरानं पाईप ओढताना मोडली हे विचारायचं सुचलंच नाही. करा म्हटलं.

गाडी घेऊन निघालो तर पहिल्याच सिग्नलला ब्रेक पेडल दगड. अक्षरशः दोन्ही पाय लावावेत असं. तसाच परत फिरलो तर म्हणे, "पॅड नवीन टाकलेत ना साहेब, बसायला वेळ लागतो." पॅड टाकायला सांगितलं कुणी? 1,800 त्याचे. दुसऱ्या दिवसापासून आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) नाचायला लागलं, 1500 आरपीएम, मग धाडकन 700, परत 1500, सिग्नलला शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे असा बघत होता की जणू मी त्याच्याशी रेस लावतोय. परत गॅरेज. आता निदान काय, तर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेला. दोन दिवस गाडी ठेवून घेतली, 9,000 घेतले, दोन दिवस जरा बरी वाटली आणि परत तेच.

शेवटी ऑफिसातल्या मित्रानं नाना पेठेजवळच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे नेलं, सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी स्कॅनर लावला आणि मॅप सेन्सरचा, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा दाखवला. इंजिन बंद, नुसती चावी ऑन, तेव्हा पुण्यात साधारण 95 किलोपास्कल दिसतो, तो बाहेरच्या हवेचा दाब. आयडलला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, पिस्टन हवा ओढत असतात, म्हणून मॅनिफोल्डमधला दाब 30-35 पर्यंत उतरायला हवा. माझा 50 च्या खाली येईना. "हवा खातोय कुठंतरी," मामा म्हणाले. जास्तीची हवा आत आली की सेन्सर दाब वाढल्याचं सांगतो, ईसीएम पेट्रोल वाढवतो, आरपीएम चढतो, मग पाय काढलेला असताना आरपीएम एवढा कसा म्हणून तो पेट्रोल कापतो, आरपीएम पडतो, परत देतो, हेच ते हंटिंग. ईसीएम बिचारा आपलं काम इमानदारीत करत होता.

मग टॉर्च घेऊन मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूला हात घातला आणि बाहेर काय काढलं, तर बोटभर रबरी पाईप, त्यात खुपसलेला 6 एमएमचा बोल्ट, वरून केबल टाय. पाईप उभा चिरलेला. मॅनिफोल्ड दुसऱ्याच व्हेरियंटचा होता, त्याला एक निपल जास्त, त्याला हे बूच मारलं होतं, आणि मलाही. कॅनिस्टरची (टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याची) नळी मधला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघड-बंद होणारा व्हॉल्व्ह, वगळून थेट मॅनिफोल्डला, म्हणजे तिकडूनही सतत हवा आणि पेट्रोलची वाफ आत. ब्रेक बूस्टर मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देतो, त्याच्या जाड पाईपमधला वन-वे व्हॉल्व्ह उलटा. त्यावर बाण असतो, तो इंजिनाकडे पाहिजे, गॅरेजवाल्यांनी बूस्टरकडे केला होता, म्हणजे बूस्टरला व्हॅक्यूम शून्य. हे घाटात कळलं असतं तर हे लिहायला मी नसतो.

थ्रॉटल बॉडी काढून मॅनिफोल्डच्या आत बोट फिरवलं तर काळं तेलकट काजळ. तीन आठवड्यांच्या "नवीन" पार्टात! खालच्या बाजूला पिवळ्या मार्करनं लिहिलेला आकडा, भंगारवाले टाकतात तसा. आणि ईसीएमवर एवढी जुनी धूळ होती की त्याला कुणी हातसुद्धा लावलेला नव्हता. मामांनी नळ्या नीट केल्या, जास्तीच्या निपलला नीट टोपी बसवली (ही खरी टोपी), 1,200 घेतले.

गॅरेजवाल्याला गेले होते 28,300. जुना मॅनिफोल्ड मागितला तर "भंगारवाला घेऊन गेला". बिल म्हणजे पॅडवरचा चिठोरा, कारण "पक्कं हवं तर जीएसटी वेगळा पडेल" म्हटल्यावर मीच हुशारी केली होती. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला, त्यांनी पहिला प्रश्न बिलाचाच विचारला. शेवटी दुकानात गिऱ्हाईकं असताना तासभर उभा राहिलो तेव्हा 4,000 परत मिळाले.

मॅनिफोल्डचं काम निघालंच तर गाडी देण्याआधी बॉनेट उघडून सगळ्या नळ्यांचे फोटो काढा, प्रत्येक नळीला आणि तिच्या निपलला मास्किंग टेप लावून एकच नंबर टाका, आणि काढलेला पार्ट डिकीत ठेवायला आधीच सांगा, नंतर मागून मिळत नाही. गाडी ताब्यात घेताना इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाचदा दाबून कडक करा, पाय तसाच दाबून ठेवून स्टार्ट मारा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर पैसे देऊ नका, पॅड बसतायत वगैरे ऐकू नका.

तो बोल्ट मी डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय. काल त्या गॅरेजचा मेसेज आला, पावसाळी चेकअप फ्री आहे म्हणून.