परदेशात व्हॉलंटियर म्हणून जायचंय? जर्मनीतलं वर्ष, नेपाळमधले महिने की दोन-तीन आठवड्यांचा कॅम्प

डिग्री झाली, नोकरीचं अजून काही ठरेना, आणि एक वर्ष बाहेर जाऊन लोकांच्या कामाला यावं असं मनात आहे, हे सांगणारी पोरं-पोरी आता बेळगाव, खानापूर, निपाणीकडं बरीच भेटतात. पहिला प्रश्न खर्चाचा असतो आणि तो बरोबरच आहे, पण मला वाटतं त्याच्याही आधी हे बघायला पाहिजे की तिथं रोज सकाळी उठून तुम्ही नक्की काय करणार, आणि एखाद्या दिवशी गेलाच नाहीत तर कुणाचं काही अडणार आहे का. मी जर्मनीत वृद्धाश्रमात वर्षभर काम केलंय, नेपाळला गावात राहिलेय, कॅम्पचं मैत्रिणींकडून ऐकलंय, त्यावरून लिहितेय.

सर्च केलं की सगळ्यात आधी युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर ही युरोपियन युनियनची (ईयू) व्हॉलंटियर स्कीम दिसते. त्यात वेळ घालवू नका, ते ईयू आणि आसपासच्या देशांतल्या पोरांसाठी आहे, भारत त्या यादीत नाही.

आता जर्मनी. तिथं दोन मोठ्या स्कीम आहेत, एफएसजे (म्हणजे स्वेच्छेनं समाजकामाचं वर्ष, ही २७ वर्षांच्या आतल्यांसाठी) आणि बीएफडी (म्हणजे सरकारची स्वयंसेवा योजना, हिला वरच्या वयाची अट नाही). दोन्ही साधारण वर्षभराच्या, कमीत कमी सहा महिने. बीएफडी २०११ मध्ये सुरू झाली, कारण त्याच वर्षी तिथली सक्तीची लष्करभरती थांबली, आणि जी पोरं बंदूक नको म्हणून त्याऐवजी दवाखान्यात, वृद्धाश्रमात सेवा करायची ती यायची बंद झाली. म्हणजे ही जागा कुणी तुमच्या अनुभवासाठी मुद्दाम तयार केलेली नाही, तिथं खरोखर माणसं कमी पडतात, आणि हे रोज जाणवतं.

सकाळची शिफ्ट असली की साडेसहाच्या सुमारास हजर. आजी-आजोबांना नाश्त्याच्या टेबलापर्यंत आणायचं, ज्यांचे हात थरथरतात त्यांना ब्रेडला लोणी लावून द्यायचं, अंथरुणं आवरायची, कुणाला व्हीलचेअरवर बागेत फिरवून आणायचं, दुपारी तीनच्या आसपास कॉफी आणि केक, आणि तो कार्यक्रम काहीही झालं तरी चुकत नाही. औषधं, इंजेक्शनं हे आपलं काम नव्हे, ते ट्रेनिंग झालेल्या स्टाफचं. आठवड्याला चाळीस तासांच्या आसपास ड्युटी, रोस्टर आधी लागतं, आणि तुम्ही आला नाहीत तर त्या मजल्यावर दुसरं कुणीतरी दोघांचं काम ओढत असतं. वर्षात २५ दिवस सेमिनार असतात, तिथं बाकीचे व्हॉलंटियर भेटतात, आणि तेच पुढं आपले लोक होतात.

अवघड काय आहे तेही सांगते. डिसेंबरात चार-साडेचारला अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद, रात्री दहानंतर आवाज चालत नाही, संध्याकाळचं जेवण म्हणजे बऱ्याच घरात नुसता थंड ब्रेड आणि चीज. लहान गावात पोस्टिंग असलं तर पहिले दोन-तीन महिने एकटेपणा अंगावर येतो, घरी फोन केला की आई काय जेवलीस विचारते आणि गळा दाटून येतो. भाषेचं म्हणाल तर बऱ्याच जागा ए-टू किंवा बी-वन लेव्हल (रोजचं साधं बोलणं जमेल एवढी जर्मन) मागतात, आणि क्लासमधली जर्मन वेगळी, ऐंशी वर्षांच्या आजोबांची वेगळी. पण आपल्याकडची पोरं मराठी शाळेत शिकून बाजारात कन्नड बोलतात, टीव्हीवर हिंदी बघतात, त्यांना आणखी एक भाषा अंगवळणी पाडायची भीती वाटायचं कारण नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

नेपाळ पूर्ण वेगळं. भारतीयांना व्हिसा लागत नाही, भारत-नेपाळमधल्या १९५० च्या करारामुळं तिथं राहणंही सोपं, बेळगावातून पुणे, पुण्याहून गोरखपूर, तिथून सोनौली बॉर्डर, सगळं रेल्वे-बसनं होतं. आपले १०० रुपये म्हणजे त्यांचे १६०. पाट्या देवनागरीत, त्यामुळं पहिल्या दिवसापासून वाचता येतं, आणि हिंदी बऱ्याच जणांना कळतं. डोंगरातल्या गावात दिवस पहाटे चहावर सुरू होतो, थोडं काम, मग दहाच्या आसपास पोटभर दाल-भात, दुपारी काहीतरी हलकं, रात्री परत दाल-भात. सुट्टी शनिवारी. तिकडं नाचणीला कोदो म्हणतात आणि त्याच्या पिठाचा ढिंडो, म्हणजे शिजवलेला घट्ट गोळा, करतात, खाल्ल्यावर मला थेट रागी मुद्देच आठवला.

पण कामाचं तसं नाही. कधी शाळेची भिंत, कधी पाण्याची पाइप, कधी कुणाच्या शेतात बांध, आणि कधी चार दिवस काहीच नाही कारण सिमेंट आलं नाही किंवा जून ते सप्टेंबरच्या पावसात दरड कोसळून रस्ता बंद. कणकुंबी-जांबोटीकडच्या लोकांना जळवा आणि पावसाचं नवल वाटायचं नाही, पण रिकाम्या बसण्याची तयारी पाहिजे. आणि खरं सांगायचं तर भिंत बांधायला गावातला गवंडी तुमच्यापेक्षा शंभर पटीनं हुशार असतो. २०१५ च्या भूकंपानंतर ढिगारे उपसायला, वस्तू वाहून न्यायला हात कमी पडत होते, तेव्हाची गोष्ट वेगळी. आता जायचं तर हातात काहीतरी कौशल्य घेऊन जा, हिशेब, कॉम्प्युटर, नर्सिंग, वायरिंग, जे गावात नाही असं.

कॅम्पचं थोडक्यात सांगते. दोन-तीन आठवडे, दहा-पंधरा देशोदेशीची पोरं, दिवसाला पाच-सहा तास काम, स्वयंपाकाची पाळी, संध्याकाळी गप्पा. कल्पना जुनी आणि चांगली आहे, पियरे सेरेसोल नावाच्या स्विस माणसानं १९२० मध्ये फ्रान्समधल्या व्हर्दंजवळ पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेलं गाव उभं करायला पहिला कॅम्प घेतला, आणि १९३४ च्या बिहार भूकंपानंतर तो स्वतः भारतात येऊन राबला. आज जेवण-राहणं मिळतं, पण रजिस्ट्रेशन फी आणि प्रवास आपला. युरोपातला कॅम्प असला तर विमान, शेंगेन व्हिसाचे (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) ९० युरो, किमान ३०,००० युरो कव्हरचा इन्शुरन्स, बँक स्टेटमेंट, एवढं सगळं पंधरा दिवसांसाठी, आपल्याकडच्या साध्या घराला हे मला पटत नाही. भारतात किंवा शेजारच्या देशात असाच कॅम्प मिळतो, तो बाहेर राहणं आपल्याला जमतंय का हे बघायला उत्तम.

पैशाचं बोलायचं तर जर्मनीत विमानाचं तिकीट, भाषेचा कोर्स, व्हिसाची धावपळ हा सुरुवातीचा खर्च जड आहे, पण नंतर महिन्याला पॉकेटमनी मिळतो, हेल्थ इन्शुरन्स संस्था भरते, आणि राहणं-जेवण बऱ्याच ठिकाणी मिळतं किंवा त्याचे पैसे मिळतात (करारात हे लिहिलेलं आहे का ते बघून मगच सही करा). नेपाळला सुरुवातीला काहीच नाही, पण दर महिन्याचं आपल्या खिशातून.

एका गोष्टीपासून लांब राहा, हे मी हात जोडून सांगते. लाखभर घेऊन "अनाथाश्रमात मुलांना शिकवा" म्हणणारे एजंट. नेपाळमध्ये अशा बऱ्याच ठिकाणच्या मुलांचे आईबाप जिवंत आहेत, लांबच्या डोंगरी जिल्ह्यांतून शिक्षणाचं आमिष दाखवून पोरं काठमांडूत आणली जातात, कारण व्हॉलंटियर आला की पैसा येतो. दर महिन्याला नवी दीदी लळा लावून निघून जाते, त्या लेकरांचं काय होत असेल.

मग घ्यायचं काय? वर्ष मोकळं आहे आणि सहा-आठ महिने भाषेला देऊ शकता तर मी सरळ जर्मनी म्हणेन, विशेषतः पुढं नर्सिंग किंवा समाजकार्यात जायचं असेल तर. हातात कौशल्य आहे, पैसे थोडे आहेत आणि कामाला ठरलेलं वेळापत्रक नसलं तरी चालतं, तर नेपाळ, पण गावातल्या संस्थेशी स्वतः फोनवर बोलून, मागच्या व्हॉलंटियरनं काय केलं आणि तो गेल्यावर ते काम कोण बघतंय हे विचारून. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर जाऊ नका.

जर्मनीवाल्यांनी कॅलेंडर लक्षात ठेवा, बऱ्याच जागांचं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं, म्हणजे आदल्या दिवाळीपर्यंत भाषा सुरू झालेली पाहिजे. निपाणी कर्नाटकात म्हणून तिथला माणूस बेंगळूरच्या जर्मन कॉन्सुलेटकडं जातो आणि पलीकडं महाराष्ट्रातल्या कागलचा मुंबईकडं, हे अर्ज करताना विसरू नका. आणि सगळ्यात आधी नावं तपासा. शाळेचा दाखला मराठी, जन्माचा दाखला कन्नडमधून आलेला, आधारवर तिसरंच स्पेलिंग, असं आपल्या भागात घरोघरी आहे, ते दुरुस्त करण्यात महिने जातात, तेव्हा पासपोर्टचा फॉर्म भरायच्या आधीच ते सगळे कागद एकत्र ठेवून बघा.