शिफ्ट दाबलं आणि भाषेचा भाचा झाला: क्यूएमकेचं की ओव्हरराइड

माझा कीबोर्ड 61 कळांचा आहे, त्यात डिलीटची वेगळी कळ नाही. आधी मी फंक्शनची कळ धरून डिलीट काढायचे. पण मुद्रितशोधनात डिलीट बॅकस्पेसइतकंच लागतं, दर वेळी हात वाकडा कोण करणार? शिफ्ट धरून बॅकस्पेस दाबलं की डिलीट व्हावं, एवढ्यासाठी मी क्यूएमके या फर्मवेअरमधल्या (कीबोर्डच्या आतच चालणाऱ्या प्रोग्रॅममधल्या) की ओव्हरराइडच्या, म्हणजे ठरावीक जोडी दाबली की दुसरीच कळ पाठवण्याच्या सोयीच्या, नादी लागले. दोन महिने रोज वापरतेय.

जुळवणी म्हणाल तर किरकोळ. नियमांच्या फाइलीत एक ओळ घालून सोय चालू करायची, मग कीमॅपमध्ये, म्हणजे कुठल्या कळेवर काय ते लिहिलेल्या फाइलीत, एका ओळीत सांगायचं: कुठला मॉडिफायर (शिफ्ट, कंट्रोलसारखी धरून ठेवायची कळ), कुठली कळ, तिच्या जागी काय. या ओळी शेवटी एका यादीत टाकायच्या. यादीच्या शेवटी 'नल' ही समाप्तीची खूण लिहायची जुनी पद्धत आता गेली आहे. मी जुना नमुना जसाच्या तसा उचलला आणि कंपायलरच्या (या फाइलींतून फर्मवेअर तयार करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) शिव्या खाल्ल्या. चूक माझीच.

खरी करामत आहे ती शिफ्ट लपवण्यात. डिलीट पाठवताना फर्मवेअर शिफ्ट तेवढ्यापुरतं उचलतं, त्यामुळे संगणकाला नुसतं डिलीट दिसतं. हे झालं नसतं तर विंडोजमध्ये शिफ्ट-डिलीटने फाइल रिसायकल बिनमध्ये न जाता थेट नाहीशी झाली असती. पूर्वी हेच काम हाताने सी भाषेत लिहायला लागायचं: मॉडिफायर तपासा, काढा, कळ पाठवा, मॉडिफायर परत ठेवा. त्यात बोट आधी शिफ्टवरून उठलं की कळ अडकून बसायची. आता ती कटकट नाही. शिवाय कंट्रोल लपवलं जात नाही, म्हणून कंट्रोल-शिफ्ट-बॅकस्पेसने पुढचा अख्खा शब्द उडतो. हे मी मागितलंही नव्हतं!

एक खोड मात्र आहे. बॅकस्पेस दाबून ठेवलेलं असताना शिफ्ट आधी सोडलं, की फर्मवेअर पुन्हा बॅकस्पेस सुरू करतं. पुढचं खोडता खोडता मी मागचा अर्धा परिच्छेद खाल्ला. मूळ कळ परत सुरू करू नये, असा पर्याय आहे, पण तो सोप्या एक-ओळी रूपात बसत नाही, मोठं रूप वापरावं लागतं.

हे जमल्यावर हाव सुटली. करंगळीला आराम म्हणून शिफ्ट-स्वल्पविरामावर अर्धविराम आणि शिफ्ट-पूर्णविरामावर अपूर्णविराम बसवला. इंग्रजीत झकास चाललं. मग इनस्क्रिप्ट या देवनागरी कळमांडणीत मराठी मजकूर टंकायला घेतला आणि 'भाषा'चा 'भाचा' झाला. 'विषय' झाला 'विचय'. मला वाटलं माझीच बोटं घसरताहेत.

कारण साधं आहे. फर्मवेअर अक्षरं पाठवत नाही, कळांचे क्रमांक पाठवतं. अक्षर ठरवते ऑपरेटिंग सिस्टिम. इनस्क्रिप्टमध्ये ष शिफ्ट-स्वल्पविरामावर आणि च अर्धविरामाच्या कळेवर. मी शिफ्ट काढून अर्धविरामाची कळ पाठवत होते, तर च येणारच. तसंच शिफ्ट-पूर्णविरामावरच्या दंडाच्या (।) जागी छ येत होता, पण मराठीत दंड क्वचित लागतो. एकदा ओव्या टंकेपर्यंत ते लक्षातच आलं नाही.

उपाय ओव्हरराइडमध्येच आहे: ते ठरावीक लेयरपुरतं (कळांच्या मांडणीच्या एका थरापुरतं) मर्यादित ठेवता येतं. मी मराठीसाठी एक वेगळी लेयर केली, तिच्यावर स्वल्पविराम आणि पूर्णविराम पुन्हा मांडले (त्या जागा पारदर्शक, म्हणजे रिकाम्या सोडल्या तर कळ मूळ लेयरचीच धरली जाते) आणि विरामचिन्हांची दोन्ही ओव्हरराइडं फक्त मूळ लेयरवर ठेवली. डिलीटचं सगळीकडे आहे. मग एकच कळ केली जी विंडोज-स्पेस पाठवून भाषा बदलते आणि लेयरही फिरवते. माऊसने भाषा बदलली तर मात्र दोघांची चुकामूक होते, त्याला इलाज सापडलेला नाही.

दुसऱ्या, बिनतारी कीबोर्डवर झेडएमके हे वेगळं फर्मवेअर आहे, तिथे याच कामाला मॉड-मॉर्फ म्हणतात. तिथली रीत मला जास्त पटते. क्यूएमकेचं ओव्हरराइड मुळात स्वल्पविराम जिथे असेल तिथे त्याच्यावर डोळा ठेवून असतं. मॉड-मॉर्फ तुम्ही स्वतः एकेका कळेवर बसवता, मग मराठीच्या लेयरवर साधा स्वल्पविराम ठेवला की झालं. डाव्या शिफ्टला एक वागणूक, उजव्याला दुसरी, हेही होतं. पण प्रत्येक जोडीसाठी पाच-सहा ओळींची व्याख्या लिहायची, आणि त्यात एक अर्धविराम राहिला की येणारा त्रुटीसंदेश वाचून काही म्हणता काही कळत नाही.

डिलीटसाठी की ओव्हरराइड डोळे झाकून घ्या. विरामचिन्हांना हात लावणार असाल आणि मराठी इनस्क्रिप्टमध्ये टंकत असाल, तर लेयर आधी करा. मी ते नंतर केलं, आणि एका मजकुरात 'भाचाशुद्धी' तशीच पुढे गेली.